सादळलेल्या सिगारला गुण कसे द्यायचे? मडगावच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. निकाराग्वाच्या रोबुस्टो या आखूड, जाड सिगारच्या माझ्या परीक्षणाखाली तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: तोच सिगार तुम्ही पाचाच्या खोक्यात घेतलात आणि जुलैत घरी दोन ओढलेत. दोन्ही घट्ट निघाले, एका बाजूने जळत गेले, मध्येच विझले आणि अर्ध्यावर कडूजहर झाले. म्हणजे माझे १०० पैकी ८८ गुण सिगारला नसून किमतीला आहेत, आणि ‘कोको, देवदार, मिरी’ हे नुसते शब्दांचे फुलोरे.

तुमच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही सांगितलेली एकूण एक खूण सादळलेल्या तंबाखूची आहे. माझी चूक अशी की ते गुण ६५ टक्के आर्द्रतेवर तीन आठवडे स्थिरावलेल्या सिगारला होते, हे मी लिहिलेच नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी लिहिताना ही ओळ गाळणे अक्षम्य होते. आता परीक्षणात सुरुवातीलाच घातली आहे.

भर पावसात आपल्याकडची हवा ८५-९० टक्क्यांवर असते. अशा हवेत तंबाखूचे पान पापडासारखे सादळते. आतले फिलर (गाभ्यातली पाने) फुगते, पानांमधल्या वाटा चिंचोळ्या होतात आणि झुरका अडतो. अडला की माणूस जोर लावतो, लागोपाठ ओढतो. निखारा मधोमध तापतो, कडेचे ओले रॅपर (सर्वांत बाहेरचे पान) मात्र मागे राहते. वाफ आणि चिकट अर्क टोपीकडच्या, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाकडच्या, थंड भागात साठतात. तुमच्या जिभेला लागलेला कडूपणा मुख्यतः त्याचा. रॅपर उकलले असेल तर तेही आतून फुगल्यामुळे. एका बाजूने जळण्याला आणखी एक साधे कारण असते: डोक्यावरचा पंखा किंवा बाल्कांवातला (घरापुढच्या ओसरीतला) वारा. वाऱ्याकडची कड नेहमी पुढे पळते. बांधणीचा दोष असतोच कधीकधी, पण तो पाचांतल्या एखाद्यात दिसतो, लागोपाठ दोघांत सहसा नाही.

उरलेले तीन आता ओढू नका. आधी आर्द्रतामापक तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घाला आणि मापकासह हवाबंद पिशवीत २४ तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवून वाचा. मग सिगार घट्ट झाकणाच्या डब्यात, ६५ टक्क्यांच्या दुतर्फी आर्द्रता-पाकिटासह ठेवा. हे पाकीट ओल देते तशी शोषूनही घेते. उन्हात किंवा तांदळाच्या डब्यात घालून घाई केलीत तर बाहेरचे पान आधी सुकून तडकते आणि आतला गाभा ओलाच राहतो. जवाहिऱ्याकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा असेल तर दर दोन दिवसांनी एकच ठरलेला सिगार तोला. वजन उतरत उतरत आठवडाभर एका आकड्यावर थांबले की तो तयार. बोटाच्या चिमटीत दाबला तर थोडा दबून परत वर यावा. स्पंजासारखा लागला तर अजून ओला, करकरला तर जास्त सुकलेला.

डब्यातल्या सिगारवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसली तर ती तंबाखूच्या किड्याची, आणि आपल्या घरांतला उष्मा त्याला मानवतो. हवाबंद पिशवीत तीन दिवस फ्रीझरला, मग एक दिवस फ्रीजमध्ये, नंतर बाहेर. थेट बाहेर काढलात तर पान फुटते.

आता शब्दांबद्दल. ‘देवदार’ हा शब्द चुकलाच. मला म्हणायचे होते स्पॅनिश सीडर, ज्याची सिगारची खोकी बनतात. नावात सीडर असले तरी ते झाड महोगनी आणि कडुनिंबाच्या कुळातले आहे. आपल्याकडच्या तूनच्या लाकडाचा वास ठाऊक असेल तर तो जवळचा. कोको मात्र मागे घेणार नाही. चांगल्या सिगारमध्ये वरून वास घातलेला नसतो. पण भाजलेल्या कॉफीत आणि कोकोत जी पायराझिन नावाची संयुगे असतात, ती तंबाखूच्या धुरातही असतात. ती जिभेला नाही, नाकाला कळतात. म्हणून धूर छातीत न घेता तोंडात घोळवायचा आणि त्यातला चौथाई भाग हळूच नाकावाटे सोडायचा. मिरीची चुणचुण तिथेच लागते. हे केले नाही तर कुठलाही सिगार फक्त ‘कडक’ किंवा ‘हलका’ वाटतो.

आणि किमतीचा मुद्दा: चाखताना सिगारच्या नावाच्या बँडवर कागदी पट्टी गुंडाळलेली असते आणि गुण किमान दोन सिगार ओढल्यावरच ठरतात. १०० पैकी ५० चव आणि सुगंधाला, ३० बांधणी आणि झुरक्याला, २० ज्वलनाला. राखेच्या रंगाला शून्य, कारण पांढरी की करडी हे मातीतल्या खनिजांवर ठरते.

तिसऱ्या आठवड्यानंतर पंखा बंद करून, पोटभर जेवणानंतर बसा. रिकाम्या पोटी निकोटिनने घेरी येते. टोपीचा दीड-दोन मिलिमीटरच भाग कापा, टोपीची गोलाई संपते त्या खांद्याच्या वळणाखाली सुरी गेली तर रॅपर सुटते. न पेटवता एक झुरका घ्या. इथेच अडला तर निकाल राखून ठेवा. ज्योत टोकाला न टेकवता, सिगार फिरवत कड सारखी शेकून घ्या. मिनिटाला एकच झुरका. सिगारचा शेवटचा तिसरा हिस्सा लागला की पुन्हा चव लिहा, आणि चारेक सेंटिमीटर उरल्यावर ठेवून द्या, त्यापुढे फक्त उष्णता लागते.

एवढे करूनही तो कडूच निघाला तर डब्यात ठेवतानाचे आणि ओढण्याआधीचे वजन आणि मापकाचा आकडा इथेच लिहा. मी गुण बदलेन आणि बदलाचे कारण परीक्षणाच्या वरच छापेन.