‘फिल्टर लावला की काम भागतं’ म्हणणाऱ्या वाचकास

समुद्रातल्या तेल-वायूच्या रिगवर विषारी गॅस सुटला तर मास्कमधून घ्यायची हवा वेगळी, सिलिंडरमध्ये भरून ठेवलेली हवी, असं मी रिगवरच्या श्वसनहवेच्या लेखात म्हटलं होतं. त्याखाली एका वाचकाने लिहिलंय: “टेबलावर बसून लोकांना घाबरवणं सोपं असतं. कंप्रेसर असताना सिलिंडरची रांग कशाला? इन्स्ट्रुमेंट एअरला फिल्टर लावला की काम भागतं. शिवाय आपल्या समुद्रात एचटूएस आहेच कुठे?” (एचटूएस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, विहिरीतून येणारा विषारी वायू.)

आधी टेबलाबद्दल. मतभेद असू द्या, पण ओळखदेख नसलेल्या माणसाची लायकी काढून सुरुवात करायची, ही कुठली पद्धत? हे फिल्टर मी स्वतःच्या हातांनी बदललेत, नळीतून हवा येणारा एअरलाइनचा मास्क लावून कामही केलंय. एवढं मान्य करतो, की विषारी गॅस नसताना कंप्रेसर कॅस्केड, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सिलिंडरची रांग, भरत राहतो आणि लेखात त्यावर एकच ओळ होती.

आता ते ‘काम भागतं’. इन्स्ट्रुमेंट एअर व्हॉल्व्ह हलवायला असते. ती कोरडी आणि गाळलेली असते, पण तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड सहसा कोणी मोजत नाही. वारा फिरून जनरेटरचा धूर कंप्रेसर हवा ओढतो त्या तोंडाकडे आला, किंवा तापलेल्या कंप्रेसरचं तेल करपायला लागलं, की मोनॉक्साइड हवेत मिसळतो. साधा फिल्टर त्याला अडवत नाही. त्यासाठी हॉपकॅलाइट हे मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करणारं रसायन लागतं, आणि ते ओल लागली की निकामी होतं. म्हणून कार्ट्रिजमध्ये त्याच्या आधी ओल शोषणारी मॉलिक्युलर सीव्ह असते आणि समुद्रावरच्या दमट उकाड्यात कार्ट्रिज लवकर बदलावं लागतं. श्वसनहवेच्या ईएन १२०२१ या युरोपीय मानकात मोनॉक्साइडची मर्यादा ५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५ भाग, आहे. तुमच्या लाइनवर शेवटची चाचणी कधी झाली?

याहून वाईट गोष्ट नायट्रोजनची. काही ठिकाणी कंप्रेसर बंद पडला की इन्स्ट्रुमेंट एअरच्या हेडरला (मुख्य पाइपला) नायट्रोजनचा बॅकअप जोडतात. व्हॉल्व्हला फरक कळत नाही. मास्कमधल्या माणसालाही कळत नाही, कारण वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. थोड्याच श्वासांत शुद्ध जाते. कोणता फिल्टर त्यात ऑक्सिजन घालणार आहे? श्वसनहवेच्या कपलिंगला दुसरी कुठलीच नळी बसू नये अशी रचना ठेवतात ती याचसाठी. आणि तिथे अडॅप्टर लावून ‘जुगाड’ करणाऱ्याला तुम्ही हुशार म्हणणार!

कंप्रेसरचं म्हणाल तर तो हवा ओढतो डेकवरूनच. तिथे एचटूएस पसरला तर तो बंदच करावा लागतो. तेव्हा आधी भरून ठेवलेली हवाच उरते. ५० लिटरचे १० सिलिंडर २०० बार दाबाला भरले म्हणजे साधारण १ लाख लिटर. तळाचे २० बार सोडले तर ९० हजार. माणशी मिनिटाला ४० लिटर धरून १० माणसांना पावणेचार तास. घाम गाळायचं काम असेल तर ८० लिटर लागतात, म्हणजे वेळ निम्मा. लाइन तुटलीच तर आधी कमरेचा १० मिनिटांचा एस्केप सिलिंडर उघडायचा, मगच नळी सोडायची.

एचटूएसबद्दल जास्त लिहीत नाही. मुंबईजवळच्या बसीन क्षेत्राचा गॅस हजिऱ्याला जाऊन ‘गोड’ का करावा लागतो, म्हणजे त्यातला एचटूएस का काढावा लागतो, ते विचारून बघा.

आणि पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी तुमच्या रिगचा पाइपिंगचा नकाशा काढून इन्स्ट्रुमेंट एअरच्या हेडरला नायट्रोजन कुठे जोडलाय ते पाहा. सापडलं तर इथेच लिहा, त्यावर बोलू.