मालकाचं उत्तर: धरमपेठ सोडताना तुम्हाला विचारलं नाही, हे खरं आहे

नमस्कार भाऊ,

आपल्या नागपूरच्या, मॅच दाखवणाऱ्या चहा-पोह्यांच्या दुकानाला तुम्ही दिलेले दोन तारे पाहिले, खालचं सगळं वाचलं. तुम्ही लिहिलं आहे: ‘मॅचआधी आम्हाला विम्बल्डन, कोव्हेंट्री या इंग्लिश फुटबॉल क्लबांच्या गोष्टी सांगायचे. चाहत्यांना न विचारता मालक क्लब कसा हलवतात, ते शिकवायचे. मग स्वतःच गुपचूप भागीदार घेतला, धरमपेठेतून मनीषनगरला गेले आणि मॅचच्या दिवशी दोनशेचं मिनिमम बिल लावलं. मालक सगळे सारखेच.’ पोहे गार होते, असंही लिहिलं आहे. होते. त्याबद्दल माफी मागतो.

विम्बल्डनची गोष्ट मीच सांगितली, तेव्हा तिच्यापासून पळणार नाही. 2002 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने तो लंडनचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात न्यायला परवानगी दिली. अंतर सुमारे 90 किलोमीटर, म्हणजे आपल्या इथून वर्ध्याच्याही पुढे. चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला, उघड्या मैदानावर चाचण्या घेऊन खेळाडू निवडले आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली. 2011 मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर पोचले आणि 2020 मध्ये प्लाउ लेनला, आपल्या जुन्या भागात, स्वतःच्या स्टेडियममध्ये परतले. हे सांगताना माझा आवाज चढायचा. आजही चढतो.

पण माझं दुखणं कोव्हेंट्रीसारखं आहे. त्या क्लबने आपलं हायफील्ड रोडचं मैदान विकलं आणि 2005 मध्ये भाड्याच्या स्टेडियममध्ये गेला. मैदान एकाचं, संघ दुसऱ्याचा. भाड्यावरून वाद पेटला आणि 2013-14 च्या हंगामात घरचे सामने नॉर्थहॅम्प्टनला, दुसऱ्याच गावात झाले. कितीतरी चाहत्यांनी तिकीट काढायला नकार दिला. काही जण स्टेडियमबाहेरच्या टेकडीवर उभं राहून मॅच पाहायचे. संघावर प्रेम, पण मालकाच्या गल्ल्यात एक पैसा टाकायचा नाही.

मीही भाडेकरूच होतो. मार्चमध्ये करार संपत होता आणि घरमालकांनी अठ्ठावीस हजारांचे पंचेचाळीस सांगितले. जागा त्यांची, त्यांचा हक्क. शनिवारी चाळीस माणसं दोन-दोन तास बसायची, ते मला हवंच होतं. पण सोमवार ते गुरुवार दुकान रिकामं असायचं आणि त्यात हे भाडं निघत नव्हतं. मावसभावाने सहा लाख घातले, त्याची तीस टक्के भागीदारी आहे. स्क्रीन, भट्टी आणि नव्या जागेचं डिपॉझिट त्यातूनच झालं. पैसा कुणाचा, हे तुम्ही आडून विचारलं होतं. हे उत्तर.

माझी चूक जागा बदलण्यात नाही, असं मी आजही मानतो. पण जानेवारीत मला हे कळलं होतं आणि तुम्हाला कळलं ते एप्रिलमध्ये, बंद शटरवरच्या कागदावरून. तीन महिने मी रोज तुम्हाला चहा दिला आणि बोललो नाही. आधी सांगितलं तर माणसं पांगतील, ही भीती होती. पुण्याच्या संघाबद्दल मी चिडून बोलायचो ते आठवतं? 2014 पासून बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये पैशापायी बंद पडला आणि आयएसएल या देशातल्या फुटबॉल लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. 2022 मध्ये चॅम्पियन झालेला तो हैदराबादचा संघही 2025 मध्ये दिल्लीला गेला. दोन शहरांतली पोरं जर्सी घडी करून बसली. त्यांची बाजू मी तुमच्यासमोर मांडायचो आणि तुमच्याशी मात्र तसाच वागलो. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

‘सगळे सारखेच’ हे मात्र मान्य नाही. जर्मनीत मतांचा निम्म्याहून अधिक हक्क सभासदांच्या क्लबकडेच राहावा, असा नियम आहे. थोडे अपवाद सोडले तर पैसेवाला आला तरी शेवटचा शब्द त्याचा नसतो. म्हणजे हे बांधून घेता येतं. आणि मैदान लांब गेलं की काय होतं, हे आपल्याला इंग्लंडकडून शिकायची गरज नाही. सिव्हिल लाइन्सच्या स्टेडियमला सायकलने जाणारी माणसं 2008 मध्ये क्रिकेटचे सामने शहराबाहेर जामठ्याला गेल्यावर गाडीवाल्या मित्राच्या भरवशावर आली. माझे वडील त्यांच्यातले एक.

म्हणून तुमचा परतीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. साडेआठची मॅच संपायला साडेदहा होतात आणि तेव्हा मनीषनगरहून धरमपेठेला एकट्या विद्यार्थ्याला ऑटो परवडत नाही. यावर माझ्याकडे आज उपाय नाही.

मिनिमम बिल या शनिवारपासून बंद. भाडं, पगार, गॅस, भागीदाराचा वाटा, सगळं लिहिलेली वही येत्या रविवारी पाच वाजता टेबलावर ठेवतो, मावसभाऊही असेल. करार अकरा महिन्यांचा आहे. तो संपायच्या तीन महिने आधी पुढचं काय ते तुमच्यासमोर ठरेल, हे इथे सगळ्यांदेखत लिहून देतो. परतीच्या ऑटोचंही रविवारीच बोलू. तुम्ही या, आणि त्या टेबलावरच्या बाकीच्या तिघांनाही आणा.