डेरिग्लाझोव्हा आणि छायाचित्रांची कीर्ती

फॉइल या तलवारबाजीतील शस्त्रप्रकारात खेळणारी रशियाची इन्ना डेरिग्लाझोव्हा हिच्याविषयी समाजमाध्यमांवर एक मत वारंवार फिरवले जाते. तिला चाहते मिळाले ते छायाचित्रांमुळे, फॉइल हा नुसता दिवे पेटवण्याचा खेळ आहे आणि तिची पदके ही रशियन यंत्रणेची करामत आहे, असे त्याचे तीन भाग आहेत.

पहिल्या भागात थोडे तथ्य आहे. तलवारबाजीचे नियम ठाऊक नसणारे अनेक जण तिला ओळखतात, हे मान्य करायला हवे. मात्र तिची छायाचित्रे पाहण्याचे कारण तिच्या कामगिरीनेच निर्माण केले. 2012 मध्ये लंडन ऑलिम्पिकला सांघिक रौप्य, 2015, 2017 आणि 2019 मध्ये वैयक्तिक विश्वविजेतेपद आणि त्यांच्या दरम्यान 2016 चे रिओतील वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण, असा हा आलेख आहे. शिवाय लढतीची संपूर्ण नऊ मिनिटे जिचा चेहरा जाळीच्या मुखवट्याआड असतो, तिचे यश चेहऱ्याच्या खाती मांडणे जरा चमत्कारिकच आहे.

दुसरा भाग सरळसरळ अज्ञानातून आला आहे. फॉइलमध्ये फक्त धडावर आणि फक्त टोकाने केलेला वार ग्राह्य धरतात. टोकाची कळ किमान 500 ग्रॅम भाराने दाबली गेली तरच वार नोंदवणारा दिवा लागतो. वार अन्यत्र बसला तर पांढरा दिवा लागून लढत थांबते आणि गुण कोणालाच मिळत नाही. दोघींचे रंगीत दिवे एकाच वेळी लागले, तर हल्ल्याचा अग्रक्रम कोणाकडे होता, हे पंच ठरवतात आणि गुण तिलाच मिळतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा हल्ला आपल्या पात्याने अडवून अग्रक्रम स्वतःकडे खेचून घेणे हेच या शस्त्राचे मर्म आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भवानी देवीची लढत पाहून तलवारबाजीची ओळख झालेल्या आपल्याकडील प्रेक्षकांनी हेही ध्यानात घ्यावे की तिचे शस्त्र सेबर होते, त्यात पात्याच्या धारेनेही गुण मिळतो आणि डोके व हातही लक्ष्यात येतात.

रिओची अंतिम लढत या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. समोर लंडनची विजेती एलिसा दी फ्रान्सिस्का होती, आणि 2000 पासूनची चारही वैयक्तिक सुवर्णपदके इटलीच्याच खेळाडूंनी जिंकलेली होती. डेरिग्लाझोव्हा ती लढत 12-11 अशी, म्हणजे एकाच गुणाने जिंकली. महिलांच्या वैयक्तिक फॉइलमधील त्याआधीचे सोव्हिएत सुवर्ण 1968 चे होते.

तिसऱ्या भागाला एवढे उत्तर पुरेसे आहे की त्या काळात रशियाच्या फॉइल संघाचे प्रशिक्षक स्तेफानो चेरिओनी हे इटालियन होते. यंत्रणेचा आधार होता, यात शंका नाही; पण दिमतीला यंत्रणा असूनही 2021 मध्ये टोकियोच्या वैयक्तिक अंतिम फेरीत ती अमेरिकेच्या ली कीफरकडून 13-15 अशी हरलीच. चारच दिवसांनी फ्रान्सला 45-34 असे नमवून तिच्या संघाने सुवर्ण मिळवले.

चाहत्यांच्या उत्साहालाही मात्र मर्यादा हवी. तिला आजही जगातील सर्वोत्तम फॉइलपटू म्हणणारे पॅरिस 2024 विसरतात: तिथे एकही रशियन तलवारबाज उतरला नव्हता, आणि वैयक्तिक सुवर्ण पुन्हा कीफरनेच राखले.