घेऊन जा गे फ्लॉपी!

मे महिन्यात नागपुरात माणसाने दुपारी बारा ते पाच कोणताही निर्णय घेऊ नये. पारा 45 च्या वर, कूलरच्या ताट्यांतून निम्मी हवा अन् निम्मं पाणी अंगावर येऊन राहिलेलं, आणि तशात मी ठरवलं की एवढी वर्षं लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकटात वापरून राहिलो तर आता थोडं परत करावं. कोड लिहायची आपली लायकी नाही हे मला माहीत आहे. म्हटलं डॉक्युमेंटेशन, म्हणजे कसं वापरायचं याची लिखापढी, साफ करू, जुनं हार्डवेअर दिसलं की ओळ निवडायची न् डिलीट दाबायचं, यात काय लागते?

इन्स्टॉलेशन गाइड उघडलं तर माळ्यावर चढल्यासारखं झालं. किमान 8 एमबी रॅम. आठ! 1.44 एमबीच्या दोन फ्लॉप्या (त्या जुन्या चौकोनी डिस्का) तयार ठेवा, एक बूट, एक रूट. सीडी ड्राइव्ह साउंड कार्डाला जोडलेला असेल तर अमुक करा (होता हो तसा जमाना, सीडी ड्राइव्हची वायर साउंड कार्डात जायची, आजच्या पोराला सांगाल तर तो तुमचा ताप बघेल). मॉडेमचा आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा नंबर) जुळत नसेल तर कार्डावरचा जंपर, म्हणजे पिना जोडणारी टिकली, हलवा, आणि हे कार्डही आयएसए, म्हणजे कॉम्प्युटरात खोचायचं जुन्या पद्धतीचं. मॉनिटरचा रिफ्रेश रेट चुकीचा टाकाल तर मॉनिटर बिघडू शकतो. हे खरंच व्हायचं, जुन्या डबडा सीआरटी मॉनिटरला झेपेना इतका रेट दिला की तो आधी शिट्टी मारायचा.

आणि प्रिंटरचा भाग तर अस्सल. पॅरलल पोर्टचा (प्रिंटरची जाड वायर लागायची ते तोंड) जो लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम, आहे तो प्रिंटर बंद असेल तर ऑफलाइन म्हणतो, कागद संपला तर तसं सांगतो, आणि या दोन्हीपैकी काहीच नसून प्रिंटर एरर देत असेल तर सरळ लिहून मोकळा होतो की एलपी-झीरो ऑन फायर. म्हणजे प्रिंटरला आग लागली! ही ओळ मी उडवली नाही. असलं लिहिणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय द्यायची आपली हिंमत नाही.

बाकी मात्र एका बैठकीत 140 ओळी साफ. पॅच, म्हणजे केलेल्या बदलांचा गठ्ठा, पाठवला आणि संध्याकाळी स्वतःलाच तर्री-पोह्याची पार्टी दिली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रिव्ह्यू करणारा माणूस अत्यंत सभ्य, म्हणजे थँक्यूने सुरुवात करून खालची पूर्ण स्क्रीन भरून टाकणारा. म्हणे सिरीयल पोर्टची माहिती का काढली? मी मनात म्हटलं, कारण 2000 नंतर मी सिरीयल पोर्टचा माऊस पाह्यला नाही म्हणून. तर तो म्हणतो माऊसचं सोडा, सर्व्हरचा कन्सोल आजही सिरीयलवरून पाहतात आणि व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरात सॉफ्टवेअरने बनवलेला खोटा कॉम्प्युटर) उघडलं की आत तोच पहिला सिरीयल पोर्ट कॉम-1, पत्ता थ्री-एफ-एट, आयआरक्यू 4, जसाच्या तसा बसलेला. बाहेर डबा भंगारात गेला पण आत त्याचं भूत नोकरी करून राहिलं. फ्लॉपीचंही तेच. असली मशीन बनवणारं क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर अजून खोटा फ्लॉपी कंट्रोलर बनवून देते आणि 2015 मध्ये त्या खोट्या फ्लॉपीच्याच कोडात व्हेनम नावाचं भगदाड सापडलं, ज्यातून व्हर्च्युअल मशीनमधला माणूस बाहेरच्या खऱ्या मशीनवर उतरू शकत होता. म्हणजे जी फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं तिनेच अख्ख्या जगाच्या सर्व्हरवाल्यांना रात्रभर जागवलं.

वर त्याची अट अशी की जे काढाल ते लिनक्सच्या कोणत्या व्हर्जनला गेलं ते लिहा. मग काय, बाबा हॉलमध्ये पेपरातल्या निधनवार्ता वाचून राहिले अन् मी आतल्या खोलीत गिट लॉगमधल्या, म्हणजे कोडात कधी काय बदललं त्या वहीतल्या. एमसीए बस (कार्डं जोडायची जुनी सोय), 2012, व्हर्जन 3.5. 386 प्रोसेसर, 2013, व्हर्जन 3.8, आणि लिनक्सचा जनक लिनस, त्याने ज्या 386 वर 1991 मध्ये हे सगळं सुरू केलं त्यालाच निरोप देताना पठ्ठ्या म्हणे मी काही भावुक वगैरे नाही, गेलं ते बरं झालं. इटॅनियम प्रोसेसर तर 2001 चा, कालचं पोरगं, तोही 2024 मध्ये 6.7 ला गेला. फ्लॉपीच्या ड्रायव्हरची कथा वेगळीच, 2019 मध्ये त्याला सांभाळणाऱ्याकडेच चालू फ्लॉपी ड्राइव्ह उरला नाही म्हणून ड्रायव्हर अनाथ असल्याची रीतसर नोंद झाली. नंतर एकाने दत्तक घेतला.

हे मी जेवताना सांगून बसलो, तिथे चुकलं.

बाबा उठले. ताटावरून उठले, आमच्या घरात हे फक्त कोणी गेल्यावर होते. आले ते बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन, त्यात सतरा फ्लॉप्या, प्रत्येकीला कागदाचं लेबल, बॉलपेनने लिहिलेलं. एकीवर "ताईचं लग्न, पाहुणे, फायनल", दुसरीवर "ताईचं लग्न, पाहुणे, फायनल 2".

"हे मग कुठून उघडायचं?"

"बाबा, लग्नाला वीसच्या वर वर्षं झाली. पाहुणे जेवून गेले."

"आहेर कोणी किती दिला ते आहे त्यात. त्यांच्या घरी कार्य निघालं तर?"

आईने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "बाबू, तुले खोडाचंच असेल तर माळ्यावरचा तो डबडा काँप्युटर खोड आधी. उंदीर होऊन राहिले त्यात."

मी रिव्ह्यूवाल्याला कळवलं की फ्लॉपीचा भाग पूर्ण काढू नये असं मलाही वाटू लागलं आहे. कारण लिहिलं नाही. त्याला फार आनंद झाला, म्हणे बरोबर, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह तर त्या जुन्या ड्रायव्हरकडे जातच नाही, तो सरळ यूएसबी डिस्कसारखा दिसतो, तेव्हा तो परिच्छेद नव्याने लिहून द्याल का. म्हणजे काढायला गेलो आणि फ्लॉपीवर चार ओळी वाढवून आलो.

असं करत करत पॅचची दुसरी, तिसरी, चौथी आवृत्ती झाली, व्ही-2, व्ही-3, व्ही-4. मे गेला, पाऊस आला, कूलर झाकला, पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मित्राने ओढत मारबत पाहायला इतवारीत नेलं. ज्यांनी पाह्यली नाही त्यांच्यासाठी, काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती, म्हणजे बाईचे पुतळे, मिरवणुकीत निघतात, मागे बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि जे जे नको ते सगळं लोक ओरडून त्यांच्यासोबत गावाबाहेर पाठवतात. रोगराई, महागाई, खड्डे. एवढी सोपी डिलीटची सोय आपल्या गावात शंभराच्या वर वर्षांपासून आहे, कोणी विचारत नाही की कोणत्या व्हर्जनला काढलं. गर्दीत माझ्याही अंगात आलं, मी जीव खाऊन ओरडलो, "पॅरलल पोर्ट घेऊन जा गे मारबत! आयएसए कार्ड घेऊन जा गे मारबत!"

शेजारचा एक पोरगा वळून म्हणे, "भाऊ, हा कोनता नवीन टॅक्स आहे बे?"

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. व्ही-4 चं उत्तर होतं. मजकूर चांगला आहे, फक्त पॅरलल पोर्ट आणि आयएसए कार्ड हे दोन वेगळे बदल आहेत, तेव्हा पॅचचे दोन तुकडे करून पुन्हा पाठवा.