‘डोळे मिटून फासलेले रंग’ आणि गायतोंडे

गेल्या आठवड्यात तो निरोप तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला. वर चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राचा फोटो, खाली मजकूर. त्याचा मथितार्थ असा: या चित्राला ४० कोटी मिळाले, अमूर्त (म्हणजे ओळखू येणाऱ्या आकृत्या नसलेली चित्रं काढणाऱ्या) चित्रकाराला चित्रकला यावी लागत नाही, ‘अंतःप्रेरणा’ असली की पुरे, म्हणजे डोळे मिटून रंग फासायचे, असलं काही माझी पाच वर्षांची नातसुद्धा काढते, चित्रकार गब्बर होतो आणि घेणाऱ्याचा काळा पैसा पांढरा होतो. शेवटी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे.

तिसऱ्यांदा तो आमच्या एका काकांकडून आला. काका शास्त्रीय संगीताचे दर्दी, उठसूट काहीही पुढे ढकलणाऱ्यांतले नव्हेत. म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आकडा जवळपास बरोबर आहे, हे आधी कबूल करतो. गायतोंडे यांचं १९६१ सालचं एक चित्र २०२१च्या लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं. गडबड त्यापुढे सुरू होते.

‘चित्रकला यावी लागत नाही.’ गायतोंडे यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेतली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची त्यांची चित्रं कुणीही काढून पाहावीत. त्यांत माणसं आहेत, चेहरे आहेत, लघुचित्रांवरून आलेली नेटकी रेषा आहे, युरोपातला चित्रकार पॉल क्ले याचा प्रभावही दिसतो. आकृत्या पुढे हळूहळू विरत गेल्या. हात चालत नव्हता म्हणून त्या सुटल्या असं नव्हे. नको झाल्या म्हणून सोडल्या. आणि ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. आपलं काम वस्तुनिरपेक्ष आहे असं ते म्हणत. म्हणजे एखादी वस्तू घेऊन ती पुसट केलेली नाही, मुळात वस्तूपासून सुरुवातच नाही.

आता ‘अंतःप्रेरणा’. मला खरं भांडायचं आहे ते इथे. निरोप लिहिणाऱ्याने या शब्दाचा अर्थ ‘मनाला येईल ते’ असा धरलाय. गायतोंडे वर्षाला पाच-सहा चित्रं पुरी करत. मनाला येईल ते करणारा माणूस आठवड्याला सहा करेल. त्यांचा बराचसा वेळ कॅनव्हाससमोर नुसतं बसण्यात जाई. काम सुरू झालं की ब्रशापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची, खरवडायची बोथट सुरी) जास्त. रंगाचे पातळ थर द्यायचे, खरवडायचे, पुन्हा थर. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले कागद ओल्या रंगावर ठेवून उचलायचे, म्हणजे त्या जागचा रंग निघून खालचा थर वर येतो.

ऐकायला सोपं वाटतं, म्हणून मी घरी करून पाहिलं. जाड पुठ्ठ्यावर तैलरंगाचा थर, वर कागदाचा तुकडा, वरून रोलर. पहिल्यांदा रंग फार ओला होता. कागदाखाली नुसता चिखल. दुसऱ्यांदा जास्त वेळ वाळू दिला, तर रंग हलेचना, उलट कागदाचाच पापुद्रा निघून वर चिकटून बसला. तिसऱ्यांदा जमल्यासारखं वाटलं, पण तुकड्याची कड इतकी ठसठशीत उमटली की चित्राऐवजी फाडलेलं वर्तमानपत्रच दिसत होतं. कागद नेमका कधी उचलायचा? घड्याळ लावून हे कळत नाही. रंगाच्या चकाकीवरून, बोटाला लागणाऱ्या चिकटपणावरून कळतं, आणि तेही शेकडो कागद वाया घालवल्यावर. मग एक दिवस हात विचार न करता उचलतो. त्या न विचारण्याला अंतःप्रेरणा म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त शेवटचा क्षण दिसतो आणि तो म्हणतो, ‘बघा, विचार केलाच नाही!’

काका, तुम्ही मैफलीत एखाद्या अनपेक्षित जागेला ‘क्या बात है’ म्हणता ना? ती उपज गवयाने घरून लिहून आणलेली नसते. तिथे तुम्ही म्हणत नाही की याला गाणं येत नाही, मनाला येईल ते गातोय. चित्राच्या बाबतीत मात्र तोच माणूस लबाड ठरतो. कान तयार झालाय, डोळ्याला आपण कधी रियाजाला बसवलंच नाही, एवढाच फरक. त्यात मोबाइलवर फोटो पाहायचा. माणसाच्या उंचीचा, थरावर थर चढलेला कॅनव्हास काड्यापेटीएवढा झाल्यावर उरतो तो एक डाग.

‘चित्रकार गब्बर होतो.’ हे तर सरळ उलटं आहे. गायतोंडे २००१ साली गेले. मुंबईत झालेल्या २०१३च्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख मिळाले, तेव्हा त्यांना जाऊन १२ वर्षं झाली होती. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने मोठं प्रदर्शन मांडलं ते २०१४ साली. हयातीत मान मिळाला नाही असं नाही: १९५७ साली तोक्योत पुरस्कार, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ साली पद्मश्री. पण राहणी दिल्लीतल्या निजामुद्दीनमध्ये अगदी साधी, एकांतातली. १९८४च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंदच होते. बरं, लिलावात हातोडा पडतो तेव्हा पैसे जातात विकणाऱ्याला. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. १० हजार रुपयांवरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला किंवा वारसांना वाटा मागता येतो, तोही जास्तीत जास्त १० टक्के. कोटींची भाषा ऐकून चित्रकाराकडे बोट दाखवणं म्हणजे सदनिका पाच पट भावाने विकली गेली म्हणून गवंड्याला श्रीमंत म्हणणं.

काळ्या पैशाचं म्हणाल तर कलाबाजारात अपारदर्शक व्यवहार होतात, जगभर होतात, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण जमिनीतही होतात, सोन्यातही होतात. त्यावरून सोनं पितळ ठरत नाही.

राहिली नात. लहान मूलही असलं काढतं का, याची चाचणी झाली आहे. अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर या दोघींनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चित्रांच्या जोड्या दाखवल्या: एक नामवंत अमूर्त चित्रकाराचं, दुसरं तसंच दिसणारं पण लहान मुलाचं किंवा माकडाचं, हत्तीचं. काही जोड्यांवर नावांच्या पट्ट्या मुद्दाम उलट लावल्या होत्या. तरी दहापैकी सहा-सात वेळा लोकांनी चित्रकाराचंच चित्र उचललं, चित्रकलेशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांनीही. तीन-चार वेळा चुकले, हेही खरं. आणि १९६४ साली स्वीडनमध्ये एका पत्रकाराने चिंपांझीची चित्रं फ्रेंच चित्रकाराची म्हणून प्रदर्शनात टांगली तेव्हा समीक्षक चांगलेच फसले होते. मला तो किस्सा फार आवडतो. पण त्यात समीक्षकांची फजिती झाली, चित्रकारांची नव्हे.

हे सगळं काकांना पाठवलं आणि शेवटी विनंती केली की नातीचं एखादं चित्र दाखवा. लगेच आलं. घर, कोपऱ्यात सूर्य, हात फैलावलेली आई आणि आईपेक्षा मोठी मांजर. पाच वर्षांची मुलं काढतात ती हीच: ओळखू येणाऱ्या वस्तूंची. अमूर्त काही नव्हतंच त्यात. मांजर मात्र झकास जमली आहे, आणि तसं मी काकांना कळवलंय.