जॉर्जियातल्या त्या ‘सुटकेस’ सुटकेस नव्हत्याच

गेल्या रविवारी मामाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. खाली मराठीत मजकूर: ‘अमेरिकेत पुराव्यासह सिद्ध! २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जिया राज्यात पाइप फुटल्याचं नाटक करून निरीक्षकांना बाहेर काढलं, टेबलाखालून मतपत्रिकांच्या सुटकेस काढल्या, तेच गठ्ठे तीन-तीनदा मोजले. ५,००० मेलेल्यांनी मतदान केलं. यंत्रांनी ट्रम्प यांची मतं बायडन यांना दिली. कायम रिपब्लिकन असलेलं राज्य एका रात्रीत उलटेल का? सगळ्यांना पाठवा.’

एरवी मी असले मेसेज वाचतही नाही. पण दुपारी आईचा फोन आला. “त्या दोघी बायकांनी खरंच असं केलं असेल का गं?” आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. कितीतरी निवडणुकांची ड्युटी तिने केली आहे. एका ग्रामपंचायत निवडणुकीनंतर, शिक्का मारलेल्या मतपत्रिका तिनेच पेटीत घातल्या, असा आळ तिच्यावर आला होता. चौकशीत काहीही निघालं नाही, पण त्या गावात तिने पुन्हा पाय ठेवला नाही. तिला तो व्हिडिओ का लागला, हे मला कळलं. म्हणून हे लिहायला बसले.

आधी त्या बायकांचंच घेते. त्या मायलेकी. दोघी अटलांटा शहरातल्या स्टेट फार्म अरीना इथे फुल्टन काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मतमोजणी करत होत्या. त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, ती आधीच नको तितकी फिरवली गेली आहेत.

व्हिडिओ आहे ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्रीचा. दहाच्या सुमाराला आजचं काम संपलं असं समजून कर्मचाऱ्यांनी आवराआवर सुरू केली. न मोजलेल्या मतपत्रिका नेहमीच्या पेट्यांत भरून टेबलाखाली ठेवल्या, आणि तेव्हा पक्षांचे निरीक्षक आणि पत्रकार तिथेच होते. मग वरून निरोप आला की मोजणी थांबवू नका. कर्मचाऱ्यांनी त्याच पेट्या बाहेर काढल्या आणि काम पुढे चालू केलं. पेट्या भरताना आणि टेबलाखाली ठेवताना पूर्ण चित्रीकरणात दिसतात. डिसेंबरमध्ये ट्रम्प यांच्या वकिलांनी राज्याच्या सिनेटच्या सुनावणीत जो तुकडा दाखवला, तो पेट्या बाहेर काढण्याचा. आधीचा भाग कापला की पेटीची सुटकेस होते.

त्याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे. व्हिडिओत त्या मायलेकींमधली आई मुलीला काहीतरी हातात देताना दिसते. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी जाहीरपणे सांगितलं की त्या एकमेकींना पेन ड्राइव्ह देत होत्या. मुलीने २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं, ते काय होतं: आल्याची गोळी. आपल्याकडे खोकला आला की पर्समधून आलेपाकाची वडी काढून देतात ना, तसं. एवढ्यावरून त्या मुलीच्या आईला घर सोडून सुमारे दोन महिने दुसरीकडे राहावं लागलं, तेही एफबीआयच्या सल्ल्याने. मुलीच्या आजीच्या दारात अनोळखी माणसं ‘अटक करायला’ येऊन उभी राहिली. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्यांना फोन केला, आणि त्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी या साध्या मतमोजणी कर्मचारी बाईचं नाव १८ वेळा घेतलं.

आणि ‘पुराव्यासह सिद्ध’ काय झालं, तर उलटंच. २०२३ मध्ये जुलियानी यांनी आपली विधानं खोटी होती हे न्यायालयात लेखी मान्य केलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या ज्यूरीने त्या मायलेकींना १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई ठरवली. जॉर्जियाच्या निवडणूक मंडळानेही त्याच वर्षी चौकशी बंद केली. आरोपांत तथ्य आढळलं नाही.

पाइप फुटला नव्हता, हे मात्र मेसेजचं खरं आहे. त्या दिवशी पहाटे मुतारीतून पाणी गळलं होतं, त्याचं अधिकाऱ्यांनी पत्रकारांना नीट सांगितलं नाही आणि त्याचा ‘पाइप’ झाला. पण ती गळती पहाटेची, वाद रात्रीचा. दोन्हींचा काही संबंध नाही. निरीक्षकांबद्दलही एक मान्य करते: कर्मचारी आवरू लागलेले पाहून ते निघून गेले, आणि मोजणी परत सुरू झाली तेव्हा ते तिथे नव्हते. तसं व्हायला नको होतं. पण कोणी हाकलल्याचा पुरावा चौकशीत सापडला नाही, आणि कॅमेरे सगळा वेळ चालू होते.

आता यंत्रं आणि ‘तीन-तीनदा मोजलेले गठ्ठे’. यावर मला फार शब्द घालवायचे नाहीत, कारण एकच गोष्ट पुरते. जॉर्जियात मत कागदावर असतं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सगळ्या १५९ काउंट्यांनी जवळजवळ ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. माणसांनी, एकेक कागद बघून, वेगवेगळे गठ्ठे लावून. यंत्राने मत फिरवलं असतं किंवा एकच गठ्ठा तीनदा धरला असता, तर कागद तेवढे निघालेच नसते. यंत्राच्या मोजणीत बायडन १२,६७० मतांनी पुढे होते, हाताच्या मोजणीत १२,२८४ ने. नंतर ट्रम्प यांच्या मागणीवरून यंत्राने फेरमोजणी झाली, तेव्हा ११,७७९. तीनदा मोजलं, तीनदा तोच माणूस जिंकला. आणि हे सगळं करवून घेणारे राज्याचे सचिव, म्हणजे तिथल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी, ब्रॅड राफेन्सपर्गर रिपब्लिकन, गव्हर्नर ब्रायन केम्प रिपब्लिकन. राफेन्सपर्गर यांनी स्वतः ट्रम्प यांनाच मत दिलं होतं. ‘मला ११,७८० मतं शोधायची आहेत,’ असं ट्रम्प त्या जानेवारीतल्या फोनवर त्यांनाच म्हणाले. आकडा नीट बघा: हरलेल्या फरकापेक्षा बरोबर एक जास्त.

चुका झाल्या का? झाल्या. फ्लॉइड काउंटीत २,६०० च्या आसपास मतपत्रिका मोजायच्याच राहिल्या होत्या, त्या हाताच्या मोजणीतच सापडल्या आणि बेरजेत आल्या. त्याने फायदा झाला तो ट्रम्प यांना. फुल्टनमध्ये फेरमोजणीच्या वेळी काही हजार मतपत्रिका दोनदा स्कॅन झाल्या असाव्यात, म्हणून २०२४ मध्ये मंडळाने त्या काउंटीला ताशेरे दिले. ढिसाळपणा होता, आणि तो ढिसाळपणा म्हणूनच सांगायला हवा. त्याने निकाल बदलला नाही.

मेलेल्यांची मतं: राज्याने एकेक नाव तपासलं. ५,००० नाही, चार निघाली. चार.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘कायम रिपब्लिकन’. जॉर्जियाने पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराला निवडलं ते १९६४ मध्ये. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं तो डेमोक्रॅटांचा गड होता. १९७६ आणि १९८० मध्ये त्यांनी आपल्याच जिमी कार्टर यांना मत दिलं, प्लेन्स गावच्या भुईमुगाच्या शेतकऱ्याला. १९९२ मध्ये क्लिंटन यांना. आणि ‘एका रात्रीत’ तर मुळीच नाही. २०१६ मध्ये ट्रम्प पाच टक्क्यांनी जिंकले तेव्हाच अटलांटाभोवतीच्या कॉब आणि ग्विनेट काउंट्या रिपब्लिकनांच्या हातून गेल्या होत्या. २०१८ मध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार स्टेसी एब्रम्स सुमारे ५५ हजार मतांनीच हरल्या. उपनगरं बदलत होती, आणि ते ज्यांना बघायचं होतं त्यांना दिसत होतं. खुद्द राफेन्सपर्गर यांनी सांगितलं की २८ हजार मतदारांनी बाकीच्या जागांसाठी मतं दिली आणि अध्यक्षपदाचा रकाना रिकामा सोडला. बारा हजारांपेक्षा कमी फरक कुठून आला, हे शोधायला टेबलाखाली वाकायची गरज नाही.

आणखी एक. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी हेच राज्य सुमारे १ लाख १५ हजार मतांनी जिंकलं. यंत्रांची कंपनी तीच, यंत्रं तीच. तेव्हा कोणी मला व्हिडिओ पाठवला नाही.

मामा, हे सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “चौदा कोटी मिळाले तरी त्या बाईला आपल्या गल्लीत परत जाता येईल का?” तो व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. आज रात्री जेवणाआधी काढून टाक, आणि ज्या तीन ग्रुपवर तू पुढे पाठवलास तिथे हे पाठव.