विंडोजची पागडी

लॅपटॉप बंद पडला असता तर माझी एवढी पंचाईत झाली नसती. बंद पडलेल्या वस्तूचं काय करायचं हे आपल्या घरांना उपजत कळतं: आधी दोन चापट्या, मग दुरुस्तीवाला, मग माळा. पण आमचा २०१७ सालचा लॅपटॉप ठणठणीत आहे. बॅटरी लवकर उतरते, 'एन'चं बटण जरा जोरात दाबावं लागतं, बाकी तक्रार नाही. आणि अशा धडधाकट लॅपटॉपवर एका सकाळी पडदाभर नोटीस झळकली की १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपतोय, आणि हा पीसी विंडोज ११साठी पात्र नाही.

'नोटीस' हा शब्द आमच्या घरात फार जपून उच्चारावा लागतो. माझे सासरे, आप्पा, मुंबईच्या लघुवाद न्यायालयात नोकरीला होते. घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणांच्या फायली बांधण्यात त्यांची उमर गेली. शिवाय डोंबिवलीला येण्याआधी ते स्वतः गिरगावात पागडीच्या, म्हणजे आधी मोठी रक्कम मोजून घेतलेल्या पण मालकी नसलेल्या, भाड्याच्या खोलीत राहिलेले. त्यामुळे जगातला कुठलाही व्यवहार त्यांना भाडे कायद्याच्या चष्म्यातूनच दिसतो.

"कुणी दिली नोटीस?" आप्पांनी पेपर खाली ठेवला.

"विंडोजनं."

"कारण काय दिलंय?"

"प्रोसेसर जुना आहे म्हणे."

"जुना असणं हे जागा खाली करायला पुरेसं कारण होत नाही," आप्पा म्हणाले. "इमारत धोकादायक आहे असं सिद्ध करावं लागतं."

खरं तर आप्पांचं आणि विंडोजचं वाकडं फार आधीपासून आहे. आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला तो लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून. त्या काळी विंडोज कुणी विकत घेत नसे, ते 'टाकून' मिळायचं. माउस, कीबोर्ड, स्पीकर, धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकची कव्हरं आणि विंडोज एक्सपी. हे एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये जगाच्या बाजारात आलं आणि त्याची 'एफसीकेजीडब्ल्यू'पासून सुरू होणारी एक किल्ली, म्हणजे विंडोज चढवताना टाकायची अक्षरं, कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ झाली. आमचा भाचा चिन्मय तेव्हा शाळेत होता. त्याला सोळाचा पाढा येत नव्हता, पण ही पंचवीस अक्षरं तो न अडखळता म्हणायचा. घरोघरी एकच किल्ली आणि अळीमिळी गुपचिळी.

मग काही वर्षांनी एक दिवस वॉलपेपर काळाठिक्कर पडला. खाली कोपऱ्यात इंग्रजीत मजकूर: विंडोजची ही प्रत अस्सल नाही, तुमची कदाचित फसवणूक झाली असावी. आप्पांनी तो चष्मा पुसून पुन्हा वाचला. "फसवणूक आपली झाली म्हणतात आणि तोंड आपलंच काळं करतात. आपण यात फिर्यादी आहोत की आरोपी?" सरकारी नोकरीत डाग न लागलेल्या माणसाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी नवऱ्याला आणि मला अस्सल विंडोज आणायला पिटाळलं.

अस्सल विंडोज विकत घेणं ही त्या काळात किती अवघड गोष्ट होती हे आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. दुकानदार आमच्याकडे असं बघायला लागला की आम्ही त्याच्याकडे इन्कम टॅक्स भरायला आलोय.

"ओरिजिनल पाहिजे," नवरा म्हणाला.

"ओरिजिनलच देतो की आपण. खरं ओरिजिनल पाहिजे का आपलं ओरिजिनल?"

"खरं म्हणजे?"

"डब्यातलं. मागवावं लागतं. पण वहिनी, कशाला? त्या पैशात रॅम वाढवून घ्या, वर प्रिंटर येईल." मग आवाज खाली आणून, मायेनं म्हणाला, "कोणी चेक करायला येत नाही हो घरी."

आम्ही डबा न घेताच परतलो. तेवढ्यात बाजारात मिनी लॅपटॉप आले होते आणि त्यांत विंडोज ७ आयतंच, तेही अस्सल. आप्पांनी स्वतःच्या एफडीतून तो घेतला. घरी आणून पूजा केली, कुंकवाचं बोट लावलं आणि पडद्यावर पांडुरंगाचा फोटो लावायला चिन्मयला बसवलं. चिन्मयनं बराच वेळ उजवं बटण, डावं बटण केलं आणि जाहीर केलं की हे 'स्टार्टर' आहे, यात वॉलपेपर बदलता येत नाही. ही थाप नव्हती. विंडोज ७ स्टार्टरमध्ये ती सोय खरोखरच नव्हती. गाणी ऐका, हिशेब करा, पण भिंतीला हात लावायचा नाही. असा नियम सुचायला केवढं डोकं लागलं असेल! आप्पांनी पांडुरंगाचा पासपोर्ट साइज फोटो पडद्याच्या चौकटीला चिकटपट्टीनं लावला. तो अजून तिथंच आहे, लॅपटॉपसकट माळ्यावर.

त्या मिनी लॅपटॉपला एकदा फॉर्मॅट मारावा लागला तो प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. किल्ली मशीनच्या पोटाखाली एका स्टिकरवर छापलेली असायची. आता मांडीवर घ्यायच्या यंत्राची महत्त्वाची अक्षरं नेमकी मांडीला घासतील अशा जागी छापायची, म्हणजे वर्षभरात पुसायचीच. आप्पा भिंग घेऊन वाचणार, मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर टिपून घेणार असं ठरलं. ही किल्ली बनवणारे तसे समंजस. घोटाळा नको म्हणून त्यांनी शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस ही मंडळी आधीच वगळून टाकली आहेत. पण ८ आणि बी, ६ आणि जी तसेच शेजारी शेजारी ठेवले.

"बी, बोरीबंदरचा," आप्पा म्हणाले. "मग जी, गिरगावचा. नाही नाही, सहा असावा. थांब. गिरगावच. मग डब्ल्यू, वडाळ्याचा. मग व्ही."

"कुठला व्ही? वरळीचा?"

"वरळीला डब्ल्यूच असतो. व्ही विलेपार्ल्याचा. मग क्यू."

क्यूचं स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिमवरही नाही. आप्पा थोडे थबकले आणि म्हणाले, "क्यू, रेशनच्या दुकानापुढचा."

बोरीबंदरचा बी शेवटी आठ निघाला. पण हे कळेपर्यंत आमची मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा तिन्ही मार्गांवरून बरीच पायपीट झाली होती. पुढं विंडोज ८पासून किल्ली मशीनच्या पोटातच भरून येऊ लागली. सोय झाली खरी, पण दाखवायला कागद उरला नाही आणि कागद नसलेला हक्क आप्पा मानत नाहीत.

म्हणून २०१७ला हा आत्ताचा लॅपटॉप आला तेव्हा आप्पांनी विंडोजच्या लायसन्सचा अख्खा करार छापून आणवला. तो शेवटपर्यंत वाचणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आपण सगळे 'मान्य आहे' दाबून पुढं जातो. आप्पांनी लाल पेन्सिलीनं खुणा केल्या आणि जेवणाच्या टेबलावर निकाल दिला.

"यात स्पष्ट लिहिलंय, सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरायला दिलंय. म्हणजे आपण मालक नाही. पैसे सगळे आधी मोजलेत, महिन्याचं भाडं नाही, पण जागा त्यांचीच. ही पागडी आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात विंडोजचं लायसन्स म्हणजे पागडी. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच मला ते प्रकरण उलगडलं. मशीनबरोबर आलेलं लायसन्स मशीनशीच बांधलेलं. लॅपटॉप विकलात तर त्याच्याबरोबर जाईल, पण तो भंगारात गेला तर नव्या लॅपटॉपवर नेता येणार नाही. डब्यातलं वेगळं घेतलं तर ते आपल्या दुसऱ्या मशीनवर हलवता येतं, मात्र आधीचं बिऱ्हाड मोडून. आमच्या लॅपटॉपवरच्या आवृत्तीचं नाव 'होम सिंगल लँग्वेज'. म्हणजे घर, पण भाषा एकच. आप्पा घरात मराठी, फोनवर गुजराती आणि रागावले की कोर्टाचं इंग्रजी बोलतात. त्यांना ही अट जाचक वाटली, पण करारात होती म्हणून त्यांनी सोसली.

सोसण्याचं आणखी एक कारण होतं. विंडोज १० हे शेवटचंच विंडोज, असं २०१५ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीच्याच एका माणसानं परिषदेत सांगितलं होतं. आता नवं घर बदलणं नाही, याच घराची डागडुजी होत राहणार म्हणून आम्ही निर्धास्त. ऑक्टोबर २०२१मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा मी आप्पांना ही गोष्ट आठवण करून दिली. "तोंडी आश्वासन," ते म्हणाले. "कागद आहे?"

तर आता ती नोटीस. चिन्मय (तो आता पुण्याला आयटीत आहे) रविवारी आला आणि त्यानं पात्रता तपासण्याचं एक ॲप चालवलं. रॅम पुरेशी, हिरवी टिक. डिस्क पुरेशी, टिक. सिक्युअर बूट, टिक. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, जिचं नाव घेऊन लोक सगळ्यात जास्त घाबरतात, तीही टिक. एकाच ठिकाणी फुली. प्रोसेसर सातव्या पिढीचा, आणि ११ला आठवी पिढी किंवा पुढची लागते. सातव्या पिढीतले अगदी मोजके मानकरी आत घेतलेत, त्यात आमचा नाही.

"सातव्या आणि आठव्या पिढीत फरक काय?" आप्पांनी विचारलं.

"मामाआजोबा, सुरक्षेचा विषय आहे, विश्वासार्हतेचा..."

"यानं आजवर एकदा तरी दगा दिलाय?"

चिन्मयनं पर्याय मांडले. नियमाला बगल देऊन ११ चढवता येतं, पेनड्राइव्हवरून, पण मग पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. आप्पांनी हात वर करून त्याला तिथंच थांबवलं. काळ्या वॉलपेपरची जखम अजून ओली आहे. दुसरा पर्याय लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. फुकट, हलकं, जुन्या मशीनवर पळणारं. "आपल्या सी-डॅकचंही आहे, सरकारी संस्थेचं, 'बॉस' नावाचं." यावर आप्पा खूश झाले, नवरा खूश झाला, आणि मी आडवी आले. कारण आप्पांनी कुळाचा जो इतिहास टाइप करून ठेवलाय तो युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहे. तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरचा, ते विंडोजवरच चालतं. दुसरीकडे उघडलं की मूळपुरुषाच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि दोन कंस दिसतात. आप्पांनी ते एकदा पाहिलं आणि बॉसचा विषय संपवला.

राहिला मुदतवाढीचा अर्ज. सपोर्ट संपला तरी सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, देण्याची सोय काढलेली. मोबदला तीन प्रकारचा: ३० डॉलर भरा, किंवा बिंग या त्यांच्या सर्च इंजिनवर शोधाशोध वगैरे करून जमवलेले १००० पॉइंट द्या ("म्हणजे श्रमदान," आप्पा), किंवा आपली सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर जमा करा, मग फुकट. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आम्ही तिसरं निवडलं. अट एकच, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन.

लॉगिन होतं सईचं, म्हणजे आमच्या मुलीचं, लॉकडाउनमध्ये शाळेसाठी काढलेलं. हा लॅपटॉप खऱ्या अर्थानं चालवते तीच. पण मुलांच्या अकाउंटवर मुदतवाढ मिळत नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारसाच्या नावावर करार होत नाही हे आप्पांना एका वाक्यात पटलं. मग निघालं आप्पांचं स्वतःचं अकाउंट, चिन्मयनं कधीकाळी काढून दिलेलं. पासवर्ड कुणालाच आठवेना. ते परत मिळवायचा फॉर्म विचारतो, अलीकडे पाठवलेल्या मेलचे विषय काय? आप्पांनी पाठवलेल्या मोजक्या मेलना विषयच नसतो. पुढचा प्रश्न, जन्मतारीख.

इथं घरात शांतता पसरली. आप्पांचा जन्म कार्तिकातला, दिवाळीनंतरचा. पण शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावला, तोच पेन्शनवर, तोच आधारवर. अकाउंटवर कुठला?

"१ जून घाल." घातला. नाही.

"मग खरा घाल." आप्पा म्हणाले, जरा अवघडून. तोही नाही.

चिन्मयला फोन लावला. तो बराच वेळ हसत होता. "मामी, तेव्हा घाईत होतो, यादीत जे पहिलं दिसलं ते दाबलं. १ जानेवारी १९९० टाकून बघ." बघितलं. दार उघडलं. ऐंशीला टेकलेले आप्पा संगणकाच्या दप्तरी पस्तीस वर्षांचे निघाले आणि त्या दिवशी त्यांनी संध्याकाळी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

मुदतवाढ मिळाली. पण प्रकरण मिटलं नाही, कारण आप्पांनी त्याच्या अटीही वाचल्या आणि त्यात त्यांना सापडलं की हीच मुदतवाढ एका अकाउंटवर १० मशीनना लावता येते. आमच्याकडे मशीन एक. नऊ जागा रिकाम्या. गिरगावात वाढलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही.

सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत त्यांनी ही बातमी फोडली. आता घरी रोज फोन येतात आणि आप्पा एका वहीत नोंदी घेतात. "बर्वे? कितवी पिढी तुमची? सहावी. बसता तुम्ही. परांजपे, तुमचा नववीचा आहे, तुम्हाला ११ मिळतं, उगाच रांगेत उभे राहू नका." नवऱ्यानं काकुळतीला येऊन समजावलं की प्रत्येक मशीनवर तुमच्या अकाउंटनं शिरावं लागेल, पासवर्ड सगळ्या गावाला कळेल.

"पासवर्ड मी देणार नाही," आप्पा म्हणाले. "प्रत्येकाच्या घरी जाऊन मी स्वतः टाकून येणार."

"पण आप्पा, असं दुसऱ्यांच्या घरी लावायला करारात परवानगी आहे का?"

"पोटभाडेकरूचं कलम अजून वाचतोय," ते म्हणाले आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला बसले. "तोवर कुणाकडून पागडी घ्यायची नाही. चहा घ्यायला हरकत नसावी."